पितळेला चालणारं तेल

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना घाबरत आले आहे. लिफ्ट, कुत्री, गॅसचा रेग्युलेटर, बँकेतून येणारे फोन. पण खडकीच्या आमच्या घरमालकांना मी जेवढी घाबरले तेवढी दुसऱ्या कशालाच घाबरले नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी माझ्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. ते फक्त विचारायचे, "नक्की?"

रेल्वे स्टेशनच्या पलीकडे त्यांचं छोटं दुमजली घर होतं. वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होते आणि वर जायचा जिना त्यांच्या व्हरांड्यातूनच होता. त्यामुळे कामाला जाताना काका, येताना काका. दूधवाला आला नाही म्हटलं की "नक्की?" वरचा नळ बंद केलाय म्हटलं की "नक्की?" एकदा त्यांनी मला माझं गाव विचारलं. मी सांगितलं, तर त्यावरही "नक्की?" म्हणाले. वर गेल्यावर मी खरोखरच क्षणभर विचारात पडले.

मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. काकू पहिल्या दिवसापासून मला अगं-तुगं करायच्या. काका मात्र शेवटपर्यंत 'आपण'वरच राहिले. पुण्यात एखादा माणूस आपल्याला 'आपण' म्हणायला लागला की सावध व्हावं, हे मी त्यांच्याच व्हरांड्यात शिकले.

काकांची नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली होती, तपासणी खात्यात. तिथे ते नेमकं काय तपासायचे हे त्यांनी कधीच सांगितलं नाही, पण तिथून आणलेलं एक तत्त्व मात्र येता-जाता ऐकवायचे. खुणेवर विसंबायचं नाही. डब्यावर लिहिलेलं वाचलं की माणसाला वाटतं आपण तपासलं, आणि मग तो तपासत नाही. म्हणून त्यांच्या घरात कुठल्याच डब्यावर काही लिहिलेलं नसे. मीठ आणि पिठीसाखर अगदी एकसारख्या डब्यांत, शेजारी शेजारी. काकू रोज बोट बुडवून चव घ्यायच्या आणि मग वापरायच्या. एकदा पाहुण्यांच्या चहात मीठ पडलं, तेव्हा काका त्या पाहुण्यांनाच म्हणाले, "घोट घेण्याआधी आपण तपासायला हवं होतं."

स्वतः काका सगळं नाकानं तपासायचे. भाजी, दूध, औषधाची गोळी, पावसाळ्यात कपाटातून काढलेला सदरा. ताटातला पहिला घास आधी नाकाशी जायचा आणि मग तोंडात. काकूंना याचा राग येत असेल असं मला वाटायचं. एकदा मी तसं विचारलंही. काकू म्हणाल्या, "अगं, त्यांच्या नाकावर चाळीस माणसांची घरं सुखरूप राहिली म्हणतात. माझी आमटी त्यापुढे काय!"

त्यांची एक जुनी गाडी होती. मागच्या चाकांवर चालणारी, जडशीळ, आत शिरल्यावर ऊन लागलेल्या रेक्झिनचा वास येणारी. तिच्या रंगाबद्दल, सीटबद्दल, अगदी इंजिनाबद्दलही काका फारसे हळवे नव्हते. त्यांचा सगळा जीव गिअरबॉक्सच्या तेलात होता. हे मला कळलं ते मी स्वतः जुनी का होईना, पण एक छोटी गाडी घेतली तेव्हा. पेढे द्यायला गेले. काकांनी पेढा नाकाशी धरला, ठेवला, आणि विचारलं, "गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल आहे?"

मी म्हटलं, गाडी पेट्रोलवर चालते.

काकांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे न बघता आतल्या दाराकडे बघून विचारलं, "अगं, पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं?"

आतून काकूंचा आवाज आला, "कळकतं."

"कळकतं," काका म्हणाले. "आपल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात. गिअर बदलताना त्या कड्या आतल्या चाकांना धरतात, वेग सारखा करतात, मग गिअर पडतो. तेल चुकीचं असेल तर कड्या कळकतात. शिवाय काही तेलं इतकी बुळबुळीत असतात की कड्यांना धरताच येत नाही. मग गिअर पडत नाही. सपाट रस्त्यावर पडला नाही तर मागचा माणूस हॉर्न वाजवतो. घाट उतरताना पडला नाही तर कोणी हॉर्न वाजवत नाही. तेवढा वेळच नसतो."

हे सगळं त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक सांगावं इतक्या शांतपणे सांगितलं. मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. त्या रात्रीपासून माझ्या गाडीत बसले की मला पाऊलभर अंतरावर, लोखंडाच्या पेटीत, हळूहळू हिरव्या पडत चाललेल्या पितळी कड्या दिसायला लागल्या.

तेल बदलून घ्यायचं ठरलं, तेव्हा काका बरोबर आले. म्हणजे मी बोलावलं नव्हतं, ते गाडीत येऊन बसले. मांजरी गावात माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीचं गॅरेज होतं, तिथे गेलो. मेकॅनिक चांगला हसतमुख माणूस होता. त्यानं दोन डबे काढले. एक चार नंबरचं तेल, एक पाच नंबरचं. म्हणाला, "मॅडम, पाच नंबर टाकतो. चारपेक्षा भारी हाय."

काकांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "आपल्या मुलाला चार नंबरचा बूट बसत असेल, तर पाच नंबरचा भारी म्हणून घालाल का?"

मेकॅनिक हसायचा थांबला. काकांनी मला गाडीचं पुस्तक काढायला लावलं. ते सीटसमोरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, आधीच्या मालकानंही ते उघडलेलं नव्हतं. त्यात चारच लिहिलं होतं, शिवाय किती पातळ हवं तेही. मी धीर करून विचारलं, की तुम्ही तर लिहिलेल्यावर विश्वास ठेवत नाही, मग हे कसं? काका म्हणाले, "पुस्तक गाडी बनवणाऱ्यानं लिहिलंय. लेबल तेल विकणाऱ्यानं." आणि त्या माणसानं डबा उघडल्यावर त्यांनी त्यावर वाकून दीर्घ वास घेतला, मान हलवली, तेव्हाच तेल गाडीत गेलं.

त्यांच्या स्वतःच्या गाडीचं प्रकरण याहून अवघड होतं, कारण तिला दोन वेगळी तेलं लागत. पुढे गिअरबॉक्सला चार नंबरचं सौम्य, आणि मागच्या चाकांमधल्या गोळ्याला, म्हणजे डिफरन्शियलला, पाच नंबरचं जहाल. तिथे पितळ नसतं, तिथे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना तसलंच लागतं. काका ही दोन्ही तेलं मार्केट यार्डाजवळच्या ट्रकवाल्यांच्या दुकानातून आणायचे. आणली की आधी परीक्षा. तेल कोमट करून त्यात काकूंच्या पूजेतली तांब्याची पळी घासूनपुसून बुडवून ठेवायची. सकाळी पळी काळी पडलेली असेल तर ते जहाल, लख्ख असेल तर सौम्य. काकू वर्षातून एकदा त्या पळीसाठी भांडायच्या आणि मग चिंच लावून ती घासून देवांपुढे ठेवायच्या.

परीक्षा झाली की तेल मूळच्या डब्यातून निघायचं आणि दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये जायचं. दोन्ही कॅन अगदी सारखे. चिठ्ठी नाही, दोरा नाही, ओरखडासुद्धा नाही. मला ते बघूनच कसंतरी व्हायचं. मी एकदा म्हटलं, काका, एकाला निदान लाल टोपण लावा. ते म्हणाले, "टोपणं अदलाबदल होतात. वास होत नाही." आणि मला दोन्ही हुंगायला लावले. एकाचा वास मंद, तेलकट. दुसऱ्याचा फटाका उडवल्यावर अंगणात येतो तसा, नाकात चढणारा. खरंच, चूक होणं शक्य नव्हतं.

मग कोरोना आला. घरात आधी काका आजारी पडले, मग काकू. दोघंही घरीच बरे झाले. मी जिन्यावर डबा ठेवून यायचे आणि वरून खोकल्याचे आवाज मोजत बसायचे. काकू लवकर सावरल्या. काका बारीक झाले, पण व्हरांड्यात परत येऊन बसले, "नक्की?" परत सुरू झालं, आणि मला चक्क बरं वाटलं.

त्यानंतर कधीतरी दूध करपलं. मी कामावरून येत होते तर फाटकापासूनच करपल्याचा वास येत होता. स्वयंपाकघरातून धूर निघत होता, आणि त्या दाराच्या दोन हातांवर काका पेपर वाचत बसले होते. काकू मागच्या अंगणातून पळत आल्या, गॅस बंद केला, पातेलं मोरीत टाकलं. मग पदरानं हात पुसत दारात उभ्या राहून त्या काकांकडे बघत राहिल्या. काका म्हणाले, "काय झालं?" काकू म्हणाल्या, "काही नाही, जरा उतू गेलं."

मी समजले, पेपरात रमले असतील. आज मला माहीत आहे की त्या आजारानं काकांचं नाक नेलं होतं. नेलं ते परत दिलंच नाही. आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. घास अजूनही नाकाशी जायचा, भाजी अजूनही हुंगली जायची, मान अजूनही हलायची. आत काहीच पोचत नव्हतं. गॅस होता घरात. त्या जिन्याच्या वर मी झोपत होते.

सासवडला काकूंचा भाऊ असायचा. त्याच्याकडे वास्तुशांत होती, आणि काकूंनी मलाही चल म्हटलं. काका आदल्या दिवशी गाडीखाली शिरून तेल बदलत होते. मी व्हरांड्यात उभी राहून पाहिलं. त्यांनी दोन्ही कॅन पुढे ओढले. पहिल्याचं टोपण काढून हुंगलं. दुसऱ्याचं काढून हुंगलं. मग परत पहिल्याचं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला एवढंच. मग मान हलवली आणि एक कॅन उचलला. पळी मागायला ते आत गेले नाहीत. तेल जुनंच होतं, परीक्षा झालेलं होतं. आणि आता नव्यानं पळी मागितली असती, तर का म्हणून काकूंनी विचारलं असतं. काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडायच्या थांबल्या होत्या, हे मला नंतर आठवलं.

जाताना दिवे घाट चढताना गिअर दोनदा करकरला. काकूंनी खिडकीची काच खाली केली, परत वर केली. जेवणं झाली, सुपारी झाली, काकूंच्या भावानं टोपलीभर अंजिरं दिली. दुपार कलताना आम्ही परत निघालो. मागे मी आणि अंजिरं, पुढे ते दोघं.

काकांचा नियम होता की घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर नाही. उताराला लागलो तेव्हा गाडी तिसऱ्यात होती. पहिल्या मोठ्या वळणाआधी त्यांनी क्लच दाबला आणि दांडा दुसऱ्याकडे ओढला. दांडा गेला नाही. कर्रर आवाज आला आणि तो मधेच राहिला.

आता गाडी कुठल्याच गिअरमध्ये नव्हती, आणि ते मला अंगातून कळलं. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला आणि गाडी सुटल्यासारखी पळायला लागली. काकांनी परत दांडा ओढला. परत कर्रर. क्लच सोडून, इंजिन रेस करून, परत दाबून पाहिलं. वेळ चुकली. तिसराही घेईना. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. वेग जरा कमी झाला, मग ब्रेक तापून जळाल्याचा वास आला, आणि त्यांचा गुडघा नेहमीपेक्षा खोल जाताना मला दिसला. समोर एक ट्रक होता. मी अंजिरांची टोपली पोटाशी घट्ट धरली. काकूंनी समोरच्या कप्प्यावर दोन्ही हात टेकले होते. संपूर्ण गाडीत फक्त काका बोलत होते, आणि तेही अगदी हळू, गिअरच्या दांड्याशी. "पड. अरे पड. पड रे."

रस्ता रुंद करायचं काम चाललेलं होतं. वळणाच्या आत कडेला मुरमाचा मोठा ढीग होता. काकांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी त्या ढिगात घातली.

आवाज फार झाला नाही. मुरूम काचेवर आला, अंजिरं सगळीकडे उडाली, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, आणि मग गाडी थांबली. तो ट्रक पुढे निघून गेला, त्याला काही कळलंही नसेल. काकूंनी मागे वळून माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग काकांच्या. कुणाला काही झालं नव्हतं.

काका उतरले आणि सरळ मागे गेले. लांबच्या प्रवासात ते तेलाचे कॅन डिकीत ठेवायचे. दोन्ही कॅन त्यांनी रस्त्याकडेला मांडले. एक जवळजवळ रिकामा होता. जे तेल गिअरबॉक्समध्ये गेलं ते यातलं. त्यांनी तो उघडून हुंगला, आणि मला हाक मारली. मी गेले. त्यांनी कॅन माझ्या नाकाशी धरला.

"कसला वास येतो?"

फटाक्याचा वास होता. सांगितलं. काकांनी कॅनचं टोपण लावलं, हळूहळू, आटे नीट बसवून, आणि मुरमावर बसले. त्यांच्या गाडीतल्या कड्या मुळात झिजलेल्या होत्या, त्यात हे तेल. एवढं सगळं मलाही समजलं. जे समजलं नाही ते हे, की या माणसाकडून ही चूक झाली कशी.

खालून क्रेनवाला यायला बराच वेळ लागला. काकू तोवर वाकून अंजिरं गोळा करत होत्या, चेंगरलेलीसुद्धा. क्रेनवाला तरुण होता, घाटाखालच्या वडकीचाच. गाडीभोवती फिरून त्यानं विचारलं, "काय झालं ओ काका? गिअर नाय पडला?"

काका बोलायच्या आत काकू सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं. तेलाचा कॅन मी उचलून दिला. चुकीचा दिला."

काकांनी मान वर केली. मी त्यांना ओळखत होते, त्यांच्या समोर चुकीचं वाक्य कधी टिकत नसे.

"खोटं बोलतेय ती," ते त्या परक्या मुलाला म्हणाले. "कॅन मी घेतला. मला वास येत नाही. आजारापासून कशाचाच येत नाही. मी हुंगल्याचं नाटक करतो."

काकू पुन्हा खाली वाकल्या आणि एक अंजीर उचललं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "दूध करपलं तेव्हापासून."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. ते 'नक्की?' म्हणतील असं मला वाटलं, पण त्यांचा आवाजच वेगळा निघाला, चिरका. "माहीत होतं? मग काल का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं? मला दाखवायला म्हणून एकटेच घाट उतरून आला असतात."

"आणि आज गाडीत बसलीस? काय होऊ शकतं ते कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं की. खडकी सोडल्यापासून देवाचं नाव घेत होते." काकूंनी पदरानं अंजिरावरची माती पुसली. "पण घरी बसून तुमची वाट बघायची, त्यापेक्षा हे बरं."

मी तोंड फिरवलं आणि दरीकडे बघत उभी राहिले, कारण तिथे मी असायला नको होतं. क्रेनवाल्यानं हूक लावला. मग आम्ही तिघं त्याच्या केबिनमध्ये दाटीवाटीनं बसून तो घाट उतरलो. काकू मधे होत्या. उतार संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि काकांनी त्यांचा हात सोडला नाही.